दोन मुलगे, एक घर: रोजचा धुमाकूळ आणि त्यावरचे खात्रीचे उपाय

पागोळी (धागाकर्ती)

अडीच ते आठ वर्षं या वयाचे दोन मुलगे घरात असले की रोज काही ना काही घडतंच. भिंतीवर ट्रक उमटतो, नाकात वाटाणा जातो, बाथरूमला आतून कडी लागते, गादी ओली होते. यावर सल्ले भरपूर मिळतात, पण 'लक्ष ठेवा' आणि 'शिस्त लावा' यापुढे ते सरकत नाहीत. या धाग्यात नेमकं काय करायचं, कशाने आणि किती वेळात, तेवढंच लिहूया.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला बदलायला दोन-चार वर्षं लागतात आणि कडी वर सरकवायला दहा मिनिटं. म्हणून आधी घर बदलावं. दुसरं म्हणजे कुठली गोष्ट धुण्याची आहे आणि कुठली दवाखान्याची, हा फरक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, आजी-आजोबांना आणि मुलं सांभाळणाऱ्या मावशींनाही.

सुरुवात कडीपासून करते. बाथरूमच्या दाराची आतली खालची कडी काढून टाका आणि एकच कडी जमिनीपासून पाच फुटांवर बसवा. भाड्याच्या घरात स्क्रू काढायची सोय नसेल तर जाड नॅपकिनची चौपदरी घडी दाराच्या वरच्या कडेवर टाकून ठेवा. दार पूर्ण मिटत नाही, त्यामुळे कडी लागत नाही. बादल्या आणि टब रिकामे करून पालथे घालायचे. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, कारण डोकं जड असतं आणि तोंडावर पडलं तर त्याला स्वतःला उचलता येत नाही. पाणी भरून ठेवावंच लागत असेल तर पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं. वर नुसतं ताट ठेवून भागत नाही.

उंबरठा

चांगला धागा. बाल्कनीचं मी लिहितो. ग्रिलचे गज आडवे असतील तर ती शिडीच झाली. गज उभे हवेत आणि दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. आडवे गज असतील तर आतून साडेतीन-चार फूट उंचीपर्यंत पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून घ्या. पाय ठेवायला जागा राहत नाही आणि उजेडही येतो. ग्रिलशेजारी कुंडी, स्टूल, जुनं कपाट असं काहीही नको.

आणि कपाटं! ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखे चढणं हा या वयाचा आवडता उद्योग. सगळे ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे येतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. पाठीमागून वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या लावून भिंतीत रॉल प्लगसह (भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) स्क्रू मारायचे. नुसत्या प्लॅस्टरमध्ये स्क्रू धरत नाही, विटेपर्यंत भोक जायला हवं. टीव्ही टेबलावर असेल तर त्यालाही पट्टा बांधा.

खारूताई

भिंतीवरच्या चित्रांचं काय? घर रंगवून तीन महिने झालेत आणि हॉलमध्ये जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत सगळं स्केचपेन आणि तेलखडू आहे.

रानवारा

खारूताई, आधी भिंतीवर कुठला रंग आहे ते बघा. ओलं बोट भिंतीवर घासा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर डिस्टेंपर किंवा चुना. लागली नाही तर बहुधा इमल्शन.

इमल्शन असेल तर स्केचपेन ओल्या फडक्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडच्या दोन थेंबांनी निघतं. तेलखडू म्हणजे मेण, ते पाण्याने पसरतं. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, सुक्या कापडाने टिपा आणि मग लिक्विडचं फडकं फिरवा. राहिलेल्या रेघेवर खाण्याच्या सोड्याची पेस्ट बोटाने हलकीच फिरवायची. घासणी वापरू नका, तेवढाच पॅच चकाकायला लागतो आणि तो रेघेपेक्षा वाईट दिसतो.

डिस्टेंपरवर पाणी अजिबात नको, रंगच निघून येतो. पेन्सिल खोडरबराने जाते. तेलखडूवर टिपकागद ठेवून वरून मंद इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं, थोडा डाग राहतो. स्केचपेन मात्र नुसता वरून रंग दिला तर पुन्हा वर येतं. तेवढ्या भागावर आधी प्रायमरचा हात आणि मग रंग.

खरा उपाय म्हणजे त्यांना एक भिंत देऊन टाकणं. जमिनीपासून तीन फूट उंच आणि जमेल तेवढ्या लांबीचा ब्लॅकबोर्ड पेंट, दोन हात. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यायचा. पहिल्यांदा लिहिण्याआधी खडू आडवा धरून पूर्ण फळा पांढरा करा आणि पुसून टाका. हे राहिलं तर पहिलं चित्र पुसलं तरी त्याची सावली दिसतच राहते. खडूचा डबा फळ्याखालीच हवा. तो दुसऱ्या खोलीत असेल तर जवळ असलेला स्केचपेनच वापरला जाणार.

खारूताई

बोटाला भुकटी लागली. म्हणजे डिस्टेंपर. प्रायमर आणि फळा दोन्ही करते. धन्यवाद!

घाटवाट

कपड्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. चिखलाचे डाग ओले असताना कधीच घासू नयेत, माती धाग्यात खोल जाते. वाळू द्या, ब्रशने झटका, मग कपडा उलटा करून नळाच्या गार धारेखाली धरा म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. साबण त्यानंतर.

देशावरची काळी माती चिकट असते, पण वाळली की पापुद्रे होऊन सुटते. कोकणातली आणि गोव्यातली लाल माती वेगळी. तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा, त्यामुळे क्लोरीनच्या ब्लीचने तो जात नाही, उलट पक्का होतो. पांढऱ्या शर्टावर नारिंगी झाक राहिलीच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवा आणि खळखळून धुवा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीपाशी करून बघा.

बॉलपेनची शाई: डागाखाली जुना टॉवेल घ्या, वरून सॅनिटायझर थेंब थेंब सोडा आणि टिपत राहा. टॉवेलची जागा बदलत राहायची, नाहीतर तीच शाई परत लागते. रक्त: फक्त गार पाणी. हळद: साबण लागला की लाल होते, ते बघून घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. दोन-तीन उन्हं लागतात.

धुण्याआधी खिसे उलटे करायची सवय मात्र मुलांनाच लावा. खडे, खिळे, गोट्या, सागरगोटे, चिंचोके, सगळं मशीनमध्ये जातं. फ्रंट लोडमध्ये पाणी उपसत नसेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी खालच्या कोपऱ्यातलं लहान झाकण उघडा. आत गाळणी असते. आधी पसरट ताट खाली ठेवा, बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी काढा आणि मगच गाळणी फिरवा, नाहीतर मशीनमधलं सगळं पाणी फरशीवर येतं. बाथरूमच्या दाराशी एक रिकामा डबा ठेवा, 'खिशातला खजिना' म्हणून. फेकून दिलं की मुलं लपवतात, डबा दिला की स्वतःहून आणून टाकतात.

मोरपंखी

गादीचं सांगा कुणीतरी. पाच वर्षांचा आहे, आठवड्यातून तीन-चार वेळा ओली होते.

पागोळी

मोरपंखी, पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे अगदी सर्रास असतं आणि मुलग्यांमध्ये जास्तच. झोपेत मूत्राशय भरल्याची जाग न येणं हे त्याच्या हातात नसतं. म्हणून रागावणं, भावासमोर बोलणं, 'एवढा मोठा झालास तरी' म्हणणं पूर्ण बंद करा. आधी कोरडा झोपणारा मुलगा अचानक ओला व्हायला लागला, फार तहान लागते, लघवीला जळजळ होते किंवा पोट साफ होत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठ असेल तर मूत्राशयावर दाब येतो आणि ते सुटलं की पुष्कळदा गादीही कोरडी राहते.

पलंग असा घाला: गादीवर रबरी शीट, तिच्यावर चादर, तिच्यावर दुसरी रबरी शीट, तिच्यावर दुसरी चादर. रात्री दोनला वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडा पलंग तयार असतो. दिवा लावायलाही नको. कापसाची गादी धुता येत नाही, आत गोळे होतात. ओली झालीच तर कोरड्या टॉवेलवर उभं राहून दाबून पाणी टिपा, समान भाग पाणी आणि पांढरं व्हिनेगर शिंपडा, ओलसर असतानाच वरून खाण्याचा सोडा भुरभुरवा आणि उन्हात टाका. वाळल्यावर झटकून घ्या.

उंबरठा

त्याला जोडून टॉयलेटचं. कमोडभोवतीचा वास फरशीच्या सांध्यातून येतो, कारण लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. आधी साधं पाणी, मग व्हिनेगरचं पाणी, बस. लघवी सांडलेल्या जागी ब्लीच ओतू नका, आणि ब्लीच व टॉयलेटचं आम्लाचं लिक्विड कधीही एकत्र करू नका. दोन्हींतून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

मुलग्यांना आधी बसूनच शिकवा, नेम पुढचा विषय. उभं राहायला लागला की पायाखाली न सरकणारं स्टूल द्या. कमोडची सीट मात्र आपोआप हळू मिटणारी बसवून घ्या. वर केलेली जड सीट खाली आदळून नाजूक जागी मार लागणं ही या उंचीच्या मुलग्यांची नेहमीची दुखापत आहे. बिजागरी ढिली असेल तर आजच आवळा.

जास्वंद_रुग्णालय_परिचारिका

आता दवाखान्याच्या गोष्टी. एकेक करून लिहिते, कारण इथे घाई आणि चूक दोन्ही महागात पडतात.

*चेन.* कातडी चेनमध्ये अडकली तर रनर (चेनचा वरखाली सरकणारा तुकडा) मागेपुढे ओढू नका. मुलाला आडवं करा. रनरच्या पुढच्या आणि मागच्या पत्र्यांना जोडणारा बारीक पूल असतो, तो वायर कटरने तोडला की दोन्ही पत्रे सुटतात आणि चेन उघडते. कातडी रनरमध्ये नसून फक्त दातांमध्ये असेल तर दातांच्या खालची कापडी पट्टी आडवी कापा, दात आपोआप उलगडतात. रक्त येत असेल किंवा मूल हलत असेल तर घरी प्रयत्न नको, कात्रीने पँट कापून तसंच घेऊन या. सात वर्षांपर्यंत इलॅस्टिकची पँट आणि आत चड्डी, म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

*नाक.* वाटाणा, चणा, शेंगदाणा, मणी. चिमट्याने काढायला गेलं की गोल वस्तू मागे सरकते. पाणी घालू नका, डाळ-दाणा फुगतो. 'आईची फुंकर' ही पद्धत दवाखान्यातही वापरतात. 'पापा घेते' असं सांगून आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट ठेवा, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करा आणि एक जोरकस, छोटी फुंकर मारा. एक-दोनदा करून निघालं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. काहीच माहीत नसताना एकाच नाकपुडीतून घाणेरड्या वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असंच समजा.

*बटण सेल.* हा वेगळा काढून लिहिते. रिमोट, वजनकाटा, दिवे लागणारी खेळणी, वाजणारी शुभेच्छापत्रं यांतला चपटा गोल सेल. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांतही आत खोल भाजतं. सेल फुटून नाही, तर त्यातल्या विजेमुळे तिथे दाहक अल्कली तयार होते म्हणून. नाकात किंवा कानात गेला तरी तीच घाई, फुंकरीचा प्रयोगही करत बसू नका. उलटी करवू नका, जेवण देऊ नका. सेल गिळून १२ तास झाले नसतील, मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्यात जाता जाता दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबायचं मात्र नाही. गिळताना कुणी पाहिलं नसेल पण सेल सापडत नसेल आणि लाळ गळत असेल किंवा जेवण नको म्हणत असेल, तरी एक्स-रे काढून घ्या. रिमोटचं झाकण स्क्रूचं नसेल तर आज रात्रीच भोवती चिकटपट्टी गुंडाळा. लोहचुंबकाच्या मण्यांनाही हीच गंभीरता. दोन गिळले तर आतड्याच्या घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

*दात.* दुधाचा दात पडला तर परत बसवत नाहीत. पण सहा-सातनंतरचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या, चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा आणि जमलं तर खाचेत परत बसवा. नाहीतर गार दुधात टाकून तासाच्या आत दंतवैद्याकडे. रुमालात गुंडाळलेला दात सुकून जातो आणि मग तो लागत नाही.

मोरपंखी

अंघोळीच्या वेळी तेल लावून शिश्नाची कातडी मागे करावी असं आमच्याकडे ज्येष्ठ बायका सांगतात. करायचं का?

जास्वंद_रुग्णालय_परिचारिका

नाही. लहान मुलग्यांमध्ये ती कातडी आतून चिकटलेलीच असते आणि वाढीबरोबर आपोआप सुटते, काहींची वयात येईपर्यंत. जोर केला की चिरा पडतात, चट्टा होतो आणि पुढे खरंच अडचण होते. बाहेरून पाण्याने धुवा, बस. आत पांढरे मऊ दाणे दिसले तर तो पू नाही, साचलेल्या पेशी आहेत. ओढलेली कातडी मागेच अडकून पुढचा भाग सुजला तर लगेच दवाखाना.

विषय निघालाच आहे तर अजून दोन गोष्टी. सहा महिन्यांच्या मुलाचा एखादा अंडकोश पिशवीत उतरलेला नसेल तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा, शस्त्रक्रिया लागली तर ती साधारण दीड वर्षाच्या आत होते. आणि कुठल्याही वयाच्या मुलग्याला अंडकोशात अचानक जोराची कळ आली तर सकाळची वाट बघू नका. पीळ पडलेला असला तर साधारण सहा तासांतच तो वाचवता येतो. मुलगे लाजून 'पोटात दुखतं' म्हणतात, म्हणून चड्डी काढून बघा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

तिठा

फार उपयोगी प्रतिसाद, प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखा.

भांडणाबद्दल लिहितो. दोन भावांत मारामारी आणि कुस्ती यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो. दोघं हसत असतील आणि वरचा-खालचा पालटत असेल तर ती कुस्ती, मध्ये पडू नका, फक्त गादीवर पाठवा. एकच जण खाली राहतोय किंवा हसू थांबलंय, तर थांबवा. खाऊच्या वाटणीला 'एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं'. सूक्ष्मदर्शक यंत्रसुद्धा इतकं बारीक पाहणार नाही इतक्या निगुतीने बर्फीचे दोन भाग होतात.

पण शाळेची सुट्टी आणि दोघंही घरात, याला सगळ्यात जालीम उपाय म्हणजे दिवाळीचा किल्ला. चार-पाच दिवस पोरं चिखलात राहतात आणि चिखल एकाच जागी राहतो.

घाटवाट

+१. किल्ल्याचं सविस्तर लिहितो, कारण अर्धे किल्ले दुसऱ्या दिवशी खचतात.

वसुबारसेच्या पाच दिवस आधी सुरू करा. बाल्कनीत करायचा असेल तर खाली जाड प्लॅस्टिक आणि पाणी जाण्याच्या जाळीवर अजून एक बारीक जाळी, नाहीतर माती पाईपमध्ये बसते. तीन फूट बाय चार फूट किल्ल्याला विटा-दगडांचा गाभा धरून चार-पाच घमेली माती लागते. नुसत्या मातीचा ढीग करू नका, तो आतून ओला राहतो आणि बसतो. विटा, पालथे डबे, दगड यांनी डोंगराचा आकार करा. गोणपाट इडलीच्या पिठाएवढ्या दाट चिखलात बुडवून त्यावर पांघरा आणि चिमटीने घड्या पाडा. त्याच घड्या पुढे दऱ्या आणि कडे होतात. अर्धा दिवस सुकू द्या. मग चाळलेल्या मातीचा इंचभर लेप हाताने थापायचा. काळी माती फार तडकते, तिच्यात वाळू किंवा भुसा मिसळा. बारीक तडे पातळ चिखलाने बुजतात.

हिरवळीसाठी अळीव सगळ्यात सोपं. भिजलं की त्याला बुळबुळीत वेष्टण येतं, त्यामुळे उभ्या कड्यालाही चिकटून राहतं. १५-२० मिनिटं भिजवून बोटाने टिपत लावा, दोन-तीन दिवसांत फुटतं. मोहरी सपाटीला. गहू रात्रभर भिजवून फक्त पायथ्याला, तो उंच वाढतो आणि तटबंदी झाकतो. पाणी फवाऱ्यानेच. धाकट्याने तांब्या उपडा केला की बुरूज खाली.

पायऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या, विहिरीला करवंटी, खंदकाला खाली प्लॅस्टिकची पट्टी. पणती मातीत रोवू नका, तेल झिरपतं. खाली फरशीचा तुकडा ठेवा. आणि किल्ल्यात फटाका पुरून उडवायचा नाही. खडे सरळ डोळ्यांच्या उंचीवर येतात.

तिठा

मुलं जास्त असतील तर राजगड करा. पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा अशा तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. प्रत्येकाला एकेक माची नेमून द्या, बालेकिल्ला सगळ्यांचा. रायगड किंवा प्रतापगड घेतला तर महादरवाजा कुणी करायचा यावरून पहिल्याच दिवशी लढाई. दोघंच असतील तर जागा वाटू नका, कामं वाटा. धाकटा माती चाळणार, अळीव लावणार, फवारणार. थोरला आकार देणार आणि पायऱ्या बसवणार. मावळ्यांची मोजणी आधीच करून दोन डब्यांत ठेवा. महाराजांना सिंहासनावर बसवायचं काम दोघांनी मिळून, एकाने सिंहासन धरायचं आणि दुसऱ्याने मूर्ती ठेवायची.

खारूताई

दिवाळी झाल्यावर एवढ्या मातीचं काय करायचं? मागच्या वेळी सोसायटीत चेंबर तुंबल्यावरून तक्रार झाली होती.

घाटवाट

ओला किल्ला मोडू नका. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या, पाणी बंद करा. माती खटखटीत वाळली की आधी मावळे, तोफा, काड्या, करवंट्या वेचून घ्या. मग गोणपाटाची चार टोकं धरून उचललं की वरचा थर त्याच्यासकट येतो. ढेकळं फोडून अळीव-गव्हाच्या मुळांसकट कुंड्यांत घाला, उरलेली पोत्यात भरून पुढच्या वर्षासाठी. विटा कोरड्याच झटका. फरशी आधी झाडून घ्या, माती सुपलीत भरा आणि त्यानंतरच ओलं फडकं, म्हणजे चेंबरमध्ये काही जाणार नाही. मावळे बादलीत धुवायला धाकट्याला बसवा आणि ते पाणी कुंडीतच ओता.

खारूताई

गोणपाट चार टोकांनी उचलायचं, हे सुचलंच नव्हतं. यंदा राजगड.